‘परत’ जायचं म्हणताय, पण तिथे राहिलात कधी?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या बाई ६२ वर्षांच्या, डोंबिवलीत राहतात, जन्म-शिक्षण सगळं गिरगावातलं. वडील मूळचे गोव्याचे, पेडणे तालुक्यातल्या आतल्या एका गावातले, १९५० च्या आसपास नोकरीसाठी मुंबईला आले ते तिथलेच झाले. १९८६ मध्ये रिटायर झाले, २००९ मध्ये गेले. गावात जुनं चिऱ्यांचं घर आहे, अर्ध्या भागात चुलतभावाचं कुटुंब राहतं, अर्धा भाग वडिलांचा म्हणून बंद असतो. मागे माडांचं भाट, म्हणजे बाग आहे, त्यात एक कुटुंब पूर्वीपासून राहतंय. बाई दोन वर्षांपूर्वी बँकेतून रिटायर झाल्या. मिस्टर ६७ वर्षांचे, मूळ साताऱ्याचे, २०२१ मध्ये त्यांना एक स्टेंट बसवलाय. मुलगी पुण्यात, मुलगा कॅनडात. बाईंना डोंबिवलीचा फ्लॅट विकून त्या पैशात गावचं घर नीट करून कायमचं गोव्याला जायचंय. ‘बाबांची शेवटपर्यंत इच्छा होती, ती राहून गेली, निदान मी तरी परत जावं,’ असं त्या लिहितात. चुलतभाऊ ये म्हणतो, मिस्टर म्हणतात तुझं गाव आहे, मी तिथे काय करू, मुलं म्हणतात या वयात कशाला. बाईंचा प्रश्न एवढाच की मनाचं ऐकू की घरच्यांचं.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मला सारखी माझी आई आठवत होती, का ते पुढे सांगते. आधी एक गोष्ट विचारू का, रागावू नका. तुमच्या पत्रात ‘परत’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. परत जायचंय, परत तिथे राहायचंय. पण तुमचा जन्म गिरगावातला, शाळा-कॉलेज तिथलं, लग्न करून डोंबिवलीला आलात. गावात तुम्ही सलग जास्तीत जास्त किती दिवस राहिलात? तुम्हीच लिहिलंय, मे महिन्याची सुट्टी, आणि आता अधूनमधून चवथीला, म्हणजे गणपतीत, पाच-सात दिवस. म्हणजे तुम्ही परत जात नाही आहात, पहिल्यांदाच राहायला जाताय. हा फक्त शब्दांचा घोळ नाही, माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्राची गाठ इथे आहे. कारण परत जाणाऱ्याला वाटतं की तिथे आपली जागा राखून ठेवलेली आहे, फक्त जाऊन बसायचंय. आणि नवीन जाणारा माणूस चौकशी करतो, ओळखी करून घेतो, पावसात छप्पर टिकतं का ते बघतो. तुम्ही दुसऱ्या पद्धतीने गेलात तर जमेल असं मला मनापासून वाटतं, पहिल्या पद्धतीने गेलात तर फार दुखेल.

बाबांच्या इच्छेबद्दल. हे लिहिताना मला जरा जपून लिहावं लागतंय. बाबा १९८६ ला रिटायर झाले आणि २००९ ला गेले, म्हणजे २३ वर्षं त्यांच्या हातात होती. पेन्शन होती, तब्येत बरी होती असं तुम्हीच म्हणता, घर तेव्हा चांगल्या स्थितीत होतं, भाऊ हयात होते. तरी ते दरवर्षी मे महिन्यात जात राहिले आणि पाऊस सुरू व्हायच्या आत गिरगावात येत राहिले. तुम्ही याचा अर्थ लावता की त्यांची इच्छा राहून गेली. असेलही. पण असंही असू शकतं ना की त्यांनी ठरवलंच होतं, गाव हे जायचं ठिकाण आणि मुंबई ही राहायची, आणि जे बोलून दाखवत होते ती ओढ होती, बेत नव्हता. आपल्याकडे मुंबईत गेलेला प्रत्येक गोंयकार ‘शेवटी गावाक वचपाचें’ म्हणतोच, माझे वडीलसुद्धा म्हणायचे. त्यांचं राहून गेलेलं म्हणून तुम्ही जाऊ नका. तुम्हाला स्वतःला सकाळी उठून तिथे काय करायला आवडेल त्यासाठी जा. पत्रात याबद्दल एक ओळ नाही बघा, घराबद्दल आहे, बाबांबद्दल आहे, आंब्याबद्दल आहे, पण तुमचा मंगळवार तिथे कसा जाणार ते नाही.

आता आईचं सांगते. २००८ मध्ये आम्ही दादरची जागा सोडून फोंडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात आलो, आई तेव्हा ७० ची होती आणि तिचाच हट्ट होता. आलो डिसेंबरात. डिसेंबरात गोव्यात कोणीही प्रेमात पडतो, हवा गार, जत्रांचा सीझन, रोज कोणी ना कोणी येणारं. एप्रिलपर्यंत आई खुशीत होती. मग जून लागला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी लाकडी कपाट उघडलं तर तिच्या लग्नातल्या शालूवर पांढरी बुरशी, बोटाने पुसली तर जरीवर डाग राहिला. चपलांना बुरशी, चष्म्याच्या केसला बुरशी, हिंगाच्या डबीचं झाकण निघेना. माजघरात तीन ठिकाणी गळत होतं, दोन पातेली आणि एक बादली, आणि रात्रभर टप टप त्या तिन्हींचा वेगवेगळा आवाज. लाईट गेली की आठ आठ तास नाही. कपडे चौथ्या दिवशीसुद्धा दमट. पण यातल्या कशाचं आईला काही वाटलं नाही, ती म्हणाली आमच्या लहानपणी असंच होतं. तिला लागलं ते वेगळंच. एक दिवस पडवीत बसून म्हणाली, ‘मुंबईत दूधवाला तरी दार वाजवायचा गो.’ सलग नऊ दिवस आमच्या अंगणात कोणी पाऊल टाकलं नव्हतं.

गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा सगळ्यांना माहीत असतो, त्या पावसात माणसं आपापल्या घरात जातात हे माहीत नसतं. पूर्वीची लोकं मे महिन्यात पुरुमेंत करून ठेवायची, सुकी मासळी, सोलं, मिरच्या, फणसाच्या आठळ्या, लाकडं, ते उगीच नाही, पावसात बाहेर पडणं होतच नव्हतं. आता दुकानं आहेत, गाड्या आहेत, पण एकटेपणाचं पुरुमेंत अजून कोणी करत नाही. तुम्ही म्हणाल की मी चवथीला गेलेय, पाऊस बघितलाय. चवथीला घर भरलेलं असतं हो, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची गडबड, मुंबई-पुण्याची सगळी आलेली, नेवऱ्या तळणं चालू. तो पाऊस वेगळा. तुम्ही १५ जुलैचा पाऊस बघा.

म्हणून माझा पहिला सल्ला, आणि बाकी काही नाही ऐकलं तरी हा ऐका: फ्लॅट विकू नका. निदान दोन वर्षं तरी नाही. मला माहितीये पैसे त्यातूनच यायचे आहेत, आणि घर नीट करायला पैसे लागणार. पण विकलेला डोंबिवलीचा फ्लॅट परत घेता येत नाही, आणि जुन्या घरात पैसे किती जातील याचा आधी कोणालाच अंदाज येत नाही. कौलं काढली की कळतं वासे आणि रिपा वाळवीने पोकळ झाल्यात, वासे काढले की कळतं भिंतीच्या माथ्याला पाणी मुरलंय. आमचं हे असंच झालं, जो अंदाज सांगितला होता त्याच्या अडीच पट झालं आणि ठेकेदार अर्धवट काम टाकून दुसऱ्या साईटवर गेला तो गेलाच. सगळं घर एकदम करायला घेऊ नका. तुमच्या अर्ध्या भागाचं छप्पर, एक खोली, वायरिंग, आणि घराच्या आत एक बऱ्यापैकी संडास-बाथरूम, उंच कमोड आणि धरायला दांडा असलेलं. जुन्या घरांत न्हाणी मागे असते आणि पावसात रात्री तिथे जायचं म्हणजे निसरडं, शिवाय सर्प असतात. एवढंच करा, मे संपायच्या आत, आणि दुरुस्तीला पंचायतीची परवानगी आधी घ्या.

पण त्याही आधी कागद. आणि इथे मला तुमच्या चुलतभावाबद्दल बोलायचंय.

तो ये म्हणतो ते खरं असेल, माझ्या मनात त्याच्याबद्दल काही किंतु नाही. इतकी वर्षं घरपट्टी तो भरतोय, देवापुढे दिवा तो लावतोय, तुमच्या बाजूची कौलं वाऱ्याने सरकली तर तोच चढतोय. पण ताई, तो कोणाला ये म्हणतोय? माहेरवाशिणीला. माहेरवाशीण चवथीला येते, साडी-पेढे आणते, दहा दिवस राहते, डोळे भरून निघते. तिच्यासाठी जीव टाकतात. तीच बाई सामान घेऊन कायमची आली, विहिरीवर पंप बसवू म्हणाली, मागचे नारळ कोण पाडतं नि कोणाला देतं विचारायला लागली, की ती हिस्सेदार होते. माणसं तीच असतात, नातं बदलतं. यात कोणी वाईट नाही. मी कितीतरी घरांत हे बघितलंय आणि जिथे हे आधी मोकळेपणी बोललं गेलं तिथे टिकलंय, जिथे ‘आपल्यात कसले हिशोब’ म्हणून ढकललं गेलं तिथे मधल्या दाराला खिळे पडलेत.

हिस्सा मागणं म्हणजे काही पाप नाही हेही सांगते, कारण बायकांना त्याची लाज वाटते. गोव्यात पोर्तुगीज काळापासून, १८६७ च्या नागरी संहितेपासून, मुलगी आणि मुलगा वारसाहक्कात सारखेच. आईबापाला मृत्युपत्र करूनसुद्धा अर्ध्या इस्टेटीपलीकडे मनासारखं देता येत नाही, उरलेला अर्धा भाग सक्तीच्या वारसांचाच असतो. नवरा-बायकोची मालकी सुद्धा इथे साधारणपणे सामाईक धरतात, त्यामुळे एका वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराची सही लागते. आता वारसाचा कारभार २०१२ च्या कायद्याने चालतो, तो २०१६ पासून लागू झाला. सगळ्यांचं एकमत असेल तर वारसपत्र आणि वाटणी स्पेशल नोटरीसमोर, म्हणजे सब-रजिस्ट्रारकडे, करून घेता येते, नसेल तर दिवाणी कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे इस्टेटीची यादी आणि वाटणी करायची केस, लावतात आणि तिथे वारसांमध्येच बोली लागू शकते. तुमचे बाबा लग्नाआधीच मुंबईला आले, लग्न तिथलं, तुमचंही तिथलं, त्यामुळे तुमच्या बाबतीत कोणता कायदा कुठे लागतो हे गोव्यातल्या, पेडणे-म्हापसा भागात काम करणाऱ्या वकिलाकडून बघून घ्या, मुंबईतल्या ओळखीच्या वकिलाने इथलं सांगू नये, त्यांचा गोंधळ होतो.

वकिलाकडे जायच्या आधी तुम्ही स्वतः एक करा, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सात-बारा, काढा, ऑनलाइन दिसतो. त्यात कोणाची नावं आहेत बघा. पुष्कळदा आजोबांचं नाव असतं, नाहीतर सर्वे झाला तेव्हा गावात जो हजर होता त्याचं. २०२२ मध्ये गोवा सरकारला जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी खास तपास पथक नेमावं लागलं, खोटे कागद करून बाहेर राहणाऱ्यांच्या आणि मेलेल्या माणसांच्या जमिनी विकल्या गेल्या होत्या. आणि तुमचा तर पेडणे तालुका. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ ला सुरू झाल्यापासून तिथे जमिनीकडे सगळ्यांचं लक्ष आहे. जायचं नसेल तरी हा उतारा काढाच.

भाटात राहणारं कुटुंब ‘ते कोण मला नीट माहीत नाही’ असं लिहिलंय तुम्ही. ते बहुतेक मुंडकार असणार, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणारे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना घरातून काढता येत नाही आणि घर आणि भोवतालची जागा, पंचायत भागात ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घ्यायचा हक्क त्यांना आहे. हे ऐकून घाबरून जाऊ नका. त्यांना परके समजू नका. तुमच्या आजोबांच्या काळापासून त्या भाटाची राखण त्यांनी केलीय, तुमच्यापेक्षा ते गाव त्यांचं जास्त आहे. गेलात की पहिल्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन बसा, चहा घ्या. नारळ पाडणारा पाडेली कोण, तो कधी येतो, विहिरीचं पाणी एप्रिलात टिकतं का, हे सगळं तेच सांगतील.

आता मला पत्रात खटकलेली गोष्ट. चुलतभाऊ आहे, त्याची बायको एका वाक्यात आहे, पण तुम्ही लिहिलंय ‘घरात चार माणसं असतात, सोबत आहेच’. ही दोघं झाली, मग उरलेली दोन कोण? त्यांचा मुलगा आणि सून असणार. मुलगा कामाला बाहेर जात असेल. म्हणजे भर पावसात दुपारी तुमच्या मिस्टरांना घाम फुटला आणि तुम्ही मधल्या भिंतीवर थाप मारलीत, तर धावत येणार ती सूनच. गाडी काढणार ती, १०८ ला फोन लावणार ती, सासू-सासऱ्यांचं करून वर तुमचं करणार ती. तिला कोणी विचारलंय? तुम्ही तिचं नावसुद्धा लिहिलेलं नाही. चुलतभावाचं ‘ये गो’ हे त्याच्या तोंडचं आहे, ते निभावणार दुसरीच. तिच्याशी बोलल्याशिवाय काही ठरवू नका असं मी कळकळीने सांगते, आणि बोलणं म्हणजे परवानगी मागणं नाही, आमची सोय आम्ही कशी करणार आहोत हे तिला आधी सांगणं. कामाला बाई कुठून मिळेल, गाडीवाला कोण, रात्री कोणाला बोलवायचं. तिच्यावर भार येणार नाही हे तिला दिसलं तर ती तुमची सगळ्यात मोठी सोबत होईल.

मिस्टरांचं बोलणं तुम्ही ‘त्यांना गोव्याची ओढ कळत नाही’ असं घेतलंय. मला ते वाक्य वेगळं ऐकू आलं. ‘मी तिथे काय करू’ हा नकार नाही वाटत मला, तो खरोखरचा प्रश्न आहे. डोंबिवलीत त्यांना सकाळी फिरायला ग्रुप आहे, पेपरवाला नावाने ओळखतो, डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर. तुमच्या गावात ते कोण? ‘बायचो घोव’, म्हणजे बाईचा नवरा. गावात लोक तुम्हाला विचारतील ‘कोणाली धूव गो तूं’, म्हणजे कोणाची मुलगी तू, तुम्ही बाबांचं नाव सांगाल आणि एका क्षणात तुम्ही कोणाच्या तरी नात, पुतणी व्हाल. त्यांना कोण विचारणार? शिवाय भाषा. पेडण्याकडे मराठी सगळ्यांना येते, घराघरात मराठी पेपर येतो, देवळात आरत्या-भजनं मराठीत, दशावतार मराठीत, तेव्हा त्यांचं अडणार नाही, पण पडवीतल्या गप्पा कोंकणीत होतात आणि समोरचा त्यांच्यासाठी मुद्दाम मराठीत आला की गप्पा संपतात. आमचे एक शेजारी होते कोल्हापूरचे, बायकोच्या गावी आले होते, पहिलं वर्ष फार अवघड गेलं, मग देवळातल्या भजनात पेटी वाजवायला बसले. एक दिवस गेले नाहीत तर तीन माणसं बघायला आली, काय झालं म्हणून. तुमच्या मिस्टरांना काय येतं, काय आवडतं, हे मला पत्रातून कळलं नाही. तुम्हाला माहीत असेलच. तिथे त्यांना त्यासाठी जागा मिळेल का हे त्यांना स्वतःला शोधू द्या, तुम्ही त्यांच्या वतीने ‘होईल सवय’ म्हणू नका.

स्टेंटमुळे दवाखान्याचं जरा नीट सांगते. पेडण्याहून म्हापशाला जिल्हा हॉस्पिटल आहे, मोठं काही असलं की बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. गोव्यात हार्ट अटॅकसाठी सरकारी केंद्रांत ईसीजी काढून तो गोमेकॉच्या डॉक्टरांना लगेच दाखवायची सोय आहे, पहिलं इंजेक्शन जवळच देता येतं, ही फार चांगली गोष्ट आहे. तुमच्या गावाला सगळ्यात जवळचं असं केंद्र कुठलं ते आधी जाऊन विचारून या. पण रस्त्याचा वेळ धरा, पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून बांबोळीला किती वेळात पोचाल हे दिवसाच्या वेळेवर असतं. पैशाचं म्हणाल तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचं कार्ड गोव्यात पाच वर्षं राहिल्यावरच मिळतं, आणि गोमेकॉत गोव्याबाहेरच्यांना २०१८ पासून पैसे भरावे लागतात. केंद्राची आयुष्मान वय वंदना योजना ७० नंतर, उत्पन्न न बघता ५ लाखांपर्यंत उपचार, म्हणजे मिस्टरांना अजून तीन वर्षं. तोवर तुमचा चालू मेडिक्लेम अजिबात बंद पडू देऊ नका, आणि कॅशलेस गोव्यात कुठल्या हॉस्पिटलात चालतं ती यादी मागवा. डोंबिवलीच्या कार्डिओलॉजिस्टकडचे सगळे रिपोर्ट फोनमध्ये ठेवा आणि ती फाईल सुनेलासुद्धा दाखवून ठेवा.

मुलांच्या ‘या वयात कशाला’ला मी फारसं महत्त्व देणार नाही. मुलगा कॅनडात आहे, तुम्ही डोंबिवलीत असा की पेडण्यात, त्याला विमानानेच यायचंय, आणि मोपा तुमच्या तालुक्यातच आहे. मुलीला मात्र पुण्याहून पावसात घाट उतरून यावं लागेल, तिच्याशी नीट बोला. कोकण रेल्वेवर भरवसा आहेच, पण पावसाळ्यात गाड्या हळू चालतात, आणि जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून गाड्या अडकल्या होत्या. आजारपणात कोणी लगेच पोचेल असं गृहीत धरून बेत आखू नका.

मग करायचं काय? मला वाटतं तुम्ही यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात जा आणि चवथ करून या. दोघंही. राहायला नाही, राहून बघायला. फ्लॅट कुलूप लावून, नाहीतर मुलीला एखाद-दोनदा उघडायला सांगून. चुलतभावाच्या ताटात जेवू नका, स्वतःचा गॅस, स्वतःची चूल, आपल्या बाजूला आपला स्वयंपाक, पहिल्या दिवसापासून. सकाळी पोदेराचा हॉर्न वाजला की स्वतः बाहेर जाऊन पाव घ्या, त्याला तुमचं दार कळू दे. आठवड्याला एकदा पेडण्याच्या बाजारात कदंबाच्या सरकारी बसने जा, गाडीने नको. मिस्टरांना मधे आठ दिवस डोंबिवलीला जावंसं वाटलं तर जाऊ द्या आणि ते आठ दिवस तुम्ही एकट्या राहून बघा, कारण आपल्या वयाला हा विचार करावाच लागतो की दोघांतलं एकजण उरलं तर इथे राहवेल का. हे लिहायला मलाही जड जातंय. पण माझी आई इथे ११ वर्षं राहिली आणि इथेच गेली, आणि शेवटची चार वर्षं मला कामासाठी पणजीला जाऊन-येऊन करावं लागायचं, ती दिवसभर एकटी असायची. तिला जमलं कारण त्या पहिल्या वाईट पावसाळ्यानंतर तिने दर सोमवारी देवळात जायला सुरुवात केली, फुलांचे हार करायला, मग त्या पाच-सहा बायका तिच्या झाल्या. घरामुळे नाही जमलं, त्या बायकांमुळे जमलं.

आणि कदाचित चवथ झाल्यावर तुमच्या लक्षात येईल की तुम्हाला कायमचं नकोच आहे, नोव्हेंबर ते मे गोव्यात आणि पाऊस डोंबिवलीत, असं हवंय. तर तसं करा. बाबांनी महिनाभर केलं, तुम्ही सात महिने करा. त्याला कोणी अर्धवट म्हणणार नाही आणि म्हटलं तर म्हणू दे. बंद घरापेक्षा सात महिने चूल पेटणारं घर शंभर पटीने बरं, कौलं-वाळवीच्या हिशेबानेसुद्धा.

तुमच्यासारखी पत्रं मला परदेशातूनही येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) राहता येतं, पण शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. तेव्हा भाट-शेत असेल तर आईवडील हयात असतानाच कागद सरळ करून घ्या, नंतर लंडनहून मुखत्यारपत्रं पाठवून हे होत नाही. आणि गावात घर नसताना फक्त ‘मूळ गोव्याचे’ म्हणून इथे फ्लॅट घेणार असाल तर आधी वर्षभर भाड्याने राहा. पुष्कळ बिल्डिंगा पावसाळ्यात रिकाम्या असतात, रात्री खिडकीतून बघितलं की किती दिवे लागलेत ते मोजा.

ताई, तुम्ही लिहिलंय की लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने पणजीला यायचात, मग शिवोलीला फेरीबोट आणि पलीकडे चोपडेला काका बैलगाडी घेऊन उभे असायचे. आता तिथे पूल आहे, काका नाहीत. त्या काकांची नातसून आहे. जूनला जायच्या आधी तिला फोन करा, चुलतभावाच्या नाही, तिच्या नंबरवर. नसेल तर मागून घ्या. आणि मुंबईहून येताना तिला काय हवंय ते विचारा.